पाच गोळ्या आणि अक्षतेचा एक दाणा

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. मी काउंटरच्या काचेवरचे बोटांचे ठसे पुसत होतो. समोर कुणीतरी निळी डब्याची पिशवी ठेवली.

“सबनीसकाका, फिरत नाहीये.”

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायचा मिलिंद होता. ऑगस्टमध्ये मीच त्याला रिव्हॉल्व्हर विकले होते. त्याच्यामागे त्याच्या आई उभ्या होत्या. साडी, तिच्यावर मुलाचे जाड जाकीट, पायांत पांढरे बूट. नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या.

“काय फिरत नाही?”

“सिलिंडर. जॅम झालंय. आणि उघडत पण नाही.”

“रिकामे आहे?”

“नाही ना. पाच आहेत आत.”

पिशवीचे तोंड माझ्या पोटाकडे होते. मी ते भिंतीकडे वळवले, वर हात ठेवला आणि वॉल्टला हाक मारली. वॉल्ट आमच्या दुकानाचा बंदूक दुरुस्त करणारा कारागीर. त्याने माझ्या आवाजावरून ओळखले, आणि दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना काही न सांगता तंबूंच्या विभागाकडे नेले.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘नोकरीतल्या गमती’ लिहा, असे संपादकांनी कळवले आहे. त्या दिवशी गंमत झाली की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

मी धातुशास्त्राचा अभियंता. डेट्रॉइटच्या परिसरात मोटारींचे गिअर आणि स्प्रिंग तपासण्यात एकतीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर पत्नी गेली. घरात बोलण्यासारखे काही उरले नाही, म्हणून ट्रॉयजवळच्या एका शिकारी सामानाच्या दुकानात अर्धवेळ उभा राहू लागलो. मालकाला पोलादातले कळणारा माणूस हवा होता. मंडळात बातमी पसरली. गणपतीत एका गृहस्थांनी विचारले, “बंदुका विकता आणि आरतीला टाळ वाजवता?” मी विचारले, टाळ कुणाला लागला का? विषय संपला. पुढच्याच आठवड्यात तेच गृहस्थ दुकानात आले. अस्वलासाठी काय चांगले, असे हळू आवाजात विचारू लागले. ते शॉपिंग मॉलच्या मागे राहतात. तिथे अस्वल येत नाही. मी तसे सांगितले. ते नाराज होऊन गेले.

‘अस्वलासाठी काय घ्यावे’ हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना अस्वल भेटणार नसते. ज्यांना भेटणार असते ते वेगळेच काही विचारतात. उत्तर मिशिगनमधला एक म्हातारा लाकूडतोड्या दरवर्षी येई. त्याने कधीही शक्ती विचारली नाही. वजन विचारी, आणि हातमोजा घालून चाप ओढता येतो का, ते पाही.

नवख्यांसाठी थोडे सांगतो. रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरत्या सिलिंडरचे हत्यार. सिलिंडरमध्ये पाच किंवा सहा घरे, प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढला की सिलिंडर एक घर सरकते, घोडा पडतो, गोळी सुटते. रचना साधी आहे, आणि फार मोठी काडतुसे पेलते. म्हणून रानात जाणारे अजून ते बाळगतात. मात्र शिकारीचे रिव्हॉल्व्हर आणि बचावाचे रिव्हॉल्व्हर ही दोन वेगळी हत्यारे आहेत. शिकारीत जनावराला तुमची खबर नसते. वेळ तुमचा असतो. लांब नळी चालते, वर दुर्बीण चालते, हाताला टेकू मिळतो. बचावात तुम्हाला त्याची खबर नसते. तिथे आखूड नळी हवी, आणि ते छातीवरच्या म्यानात हवे; कारण पाठीवरच्या पिशवीचा पट्टा कमरेवरचे म्यान झाकतो. गोळी कठीण शिशाची, बोथट तोंडाची, आत जाऊन न पसरणारी हवी. चरबी आणि हाड ओलांडून तिला पुढे जायचे असते. आणि या सगळ्याच्या आधी तिखटाचा फवारा हवा, ज्याला इथे बेअर स्प्रे म्हणतात. हे शेवटचे वाक्य ऐकताना गिऱ्हाइकाचे लक्ष नेहमी कपाटातल्या सगळ्यात मोठ्या नळीकडे असते.

मिलिंद ऑगस्टमध्ये आला तो लॅपटॉप घेऊन.

“मी कम्पॅरिझन शीट केलीये. सतरा मॉडेल्स, बावीस पॅरामीटर्स. आमचा डिरेक्टर डेव्ह दरवर्षी वायोमिंगला एल्कच्या शिकारीला जातो. या वर्षी मलाही टॅग मिळालाय. ग्रिझली कंट्री आहे, काका. हंटर सेफ्टीचा कोर्स ऑनलाइन केला. शंभरपैकी शंभर.”

एल्क हे सांबरासारखे, पण त्याहून मोठे हरीण. ग्रिझली हे अस्वल. टॅग म्हणजे एका जनावराच्या शिकारीचा परवाना. मी तक्ता पाहिला. गोळीची ऊर्जा, नळीची लांबी, पुनर्विक्रीची किंमत, ग्राहकांचे तारे. पाचशे नंबरच्या, म्हणजे अर्धा इंच जाड गोळीच्या, रिव्हॉल्व्हरला सर्वांत जास्त तारे होते. ज्यांना अस्वलाने गाठले, त्यांचा अभिप्राय त्यात धरलेला नसतो, हे मी त्याला सांगितले. तो हसला.

“या तक्त्यात तुमचे मनगट कुठे आहे?” मी विचारले.

“मनगट?”

“हत्यार धरायला लागते.”

“ओह. ते युझर साइडला येतं. शीट फक्त प्रॉडक्टची आहे.”

पाचशे नंबरचे रिव्हॉल्व्हर जवळजवळ दोन किलो भरते. त्याचा झटका नवख्या माणसाला झेपत नाही. बहुतेकांची सहनशक्ती त्याहून लहान अशा चव्वेचाळीस मॅग्नमलाच संपते, पुष्कळांची त्याच्या कितीतरी आधी. म्हणून मी एक नियम केला होता, आणि मालकाने तो मान्य केला होता: मोठे रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याने दुकानामागच्या चाचणीपट्ट्यावर, म्हणजे नेमबाजीच्या बंदिस्त गल्लीत, माझ्यासमोर पाच गोळ्या झाडायच्या. शेरीफच्या खात्यातून निवृत्त झालेल्या माणसालाही मी सोडले नव्हते. तो तिसऱ्या गोळीनंतर लहान हत्यार घेऊन गेला होता.

त्या दिवशी पट्टा मोकळा व्हायला तास लागणार होता.

“अहो-जाहो नका ना करू, काका,” मिलिंद म्हणाला. “मला तू म्हणा. तुम्ही मूळचे कुठले?”

“सांगली.”

“काय सांगता! माझी आत्या सांगलीची. गावभागात.”

आत्याचे घर आमच्या घरापासून चौथे निघाले. तिच्या दारातल्या पेरूच्या झाडावर मी चढलो होतो. मी तुम्हीवरून तूवर आलो. त्याला चारला मुलीला कथकच्या क्लासला न्यायचे होते. म्हणाला, “आपल्यात कसली टेस्ट, काका?” मी म्हणालो, ठीक आहे. चव्वेचाळीस घे, असेही मी सांगितले होते. सांगितले आणि पाचशे नंबरचे बांधून दिले.

तेच आता डब्याच्या पिशवीत होते.

मागच्या खोलीत वाळूने भरलेले पोलादी पिंप आहे. अशा वेळी नळी त्यात खुपसून ठेवायची असते. वॉल्टने पिशवीची चेन उघडली. रिव्हॉल्व्हर लालभडक होते. नळीच्या तोंडाला हळदीचे बोट, मुठीला कुंकवाचे गंध, घोड्याच्या खाचेत झेंडूची पाकळी.

“याने कुणाला मारलंय?” वॉल्टने विचारले.

“रंग आहे. पूजा केली आहे.”

“हत्याराची?”

“वर्षातून एकदा.”

“बरं,” वॉल्ट म्हणाला. “मी माझ्या हत्यारांना नुसतं तेल देतो.”

मिलिंद आणि आई काचेच्या दारापलीकडे उभे होते. मी बाहेर गेलो. काय घडले ते नेमके कळल्याशिवाय हात लावायचा नसतो.

“पूजेच्या वेळी सिलिंडर उघडे होते?”

“हो,” मिलिंद म्हणाला. “आईला दाखवत होतो. पुढून दांडी दाबली की ती चांदणी वर येते ना, ते.”

चांदणी म्हणजे सिलिंडरच्या मागच्या बाजूचा चपटा तारा. दांडी दाबली की तो उचलला जातो आणि रिकामी काडतुसे बाहेर ढकलतो.

“फुलासारखं उघडतं ते,” आई म्हणाल्या. “मी अक्षता वाहिल्या. खंडेनवमीला शस्त्र पुजतात. एरवी हा पाटावर लॅपटॉप ठेवतो. या वर्षी खरं शस्त्र होतं घरात.”

“आणि काडतुसे कुणी भरली?”

“मी सांगितलं भरायला. देवापुढे रिकामं भांडं ठेवत नाहीत.”

“ते भांडे नाही, ताई.”

“ते मला काय ठाऊक? मी विचारलं, किती मावतात? हा म्हणाला, पाच.”

मिलिंद म्हणाला, “बंद होत नव्हतं. मग तळहाताने जोरात मारलं, तेव्हा बसलं. काल बघितलं तर फिरेना. चाप पण ओढून पाहिला, दोन्ही हातांनी. दोनदा.”

“कुठे?”

“बेसमेंटमध्ये.”

“नळी कुठे होती?”

“वर. कोर्समध्ये सांगितलंय ना, सेफ डिरेक्शनला धरा. म्हणून सीलिंगकडे.”

“सीलिंगवर काय आहे?”

“किचन.”

“मी पोळ्या करत होते,” आई म्हणाल्या.

मी आत गेलो. वॉल्टने आणि मी चष्मे आणि कानांवरची आवाजरोधक झाकणे चढवली. नळी वाळूत. वॉल्टने सिलिंडर उघडायचा खटका पुढे दाबून धरला आणि कच्च्या कातड्याच्या हातोडीने सिलिंडरवर कडेने टिचक्या दिल्या. घाई केली तर खटका तुटतो. सातव्या की आठव्या टिचकीला सिलिंडर बाहेर आले. पाचही काडतुसे मी एकेक करून नखाने काढली. चांदणी उचलली. तिच्याखाली, चपटा होऊन, हळदीच्या रंगाचा एक दाणा बसला होता. त्याने चांदणी कागदाच्या जाडीइतकी वर धरली होती. तेवढ्याने काडतुसांच्या कडा मागच्या पोलादाला घासून अडकल्या. त्या दाण्याने नाशिकच्या एका बाईंचा जीव वाचवला होता. त्या पोलादाला सहस्रांशाच्या मापात घासायला कारखान्यात माझ्यासारखे कित्येक अभियंते बसलेले असतात. त्यांच्यापैकी कुणाच्या आराखड्यात हा भाग नव्हता.

“हे काय?” वॉल्टने चिमट्यात धरून विचारले.

“तांदूळ.”

“शिजलेला?”

“नाही. आशीर्वादाचा.”

“काम करतो,” वॉल्ट म्हणाला.

मिलिंदला मी म्हणालो, “सोमवारी निघणार आहेस. आधी मागे चल. ऑगस्टमधल्या पाच गोळ्या राहिल्या आहेत.”

“काका, मी पॅकिंगपण नाही केलंय अजून. क्लीन करून द्या ना फक्त.”

“मागे चल.”

आईंना काचेआड उभे केले. सात यार्डांवर कागद लावला. हे अंतर लहान आहे. दिवाणखाना एवढा असतो. अस्वल ते एका दमात तोडते. पहिली गोळी कागदाच्या वरच्या कोपऱ्याला लागली. रिव्हॉल्व्हर उसळून मिलिंदच्या कपाळापर्यंत आले. चष्म्याच्या वर लाल खूण उमटली. दुसरी गोळी कागदाला लागली नाही. तिसऱ्या घरात मी त्याच्या नकळत खोटे काडतूस भरले होते. बाहेरून खऱ्यासारखे, आत काही नाही. या धंद्यात माणसाचा हात तपासायची ही एकच प्रामाणिक पद्धत आहे. झटक्याच्या भीतीने हात आधीच दबतो, पण बार झाला की ते झाकले जाते. बार झाला नाही की दिसते.

मिलिंदने चाप ओढला. नुसता ‘टक’ असा आवाज आला. नळी मात्र वीतभर खाली गेली, आणि त्याचे दोन्ही डोळे मिटलेले होते.

काचेआडून आई बाहेर आल्या. “काही उडालं नाही. मग याचा हात का हलला?”

“घाबरतो म्हणून,” मी म्हणालो.

“मी घाबरत नाही, आई. ते रिकॉइल अँटिसिपेशन असतं.”

“मराठीत काय म्हणतात त्याला?”

मिलिंदने रिव्हॉल्व्हर खाली ठेवले.

आई माझ्याकडे वळल्या. “हे विकलंत तेव्हा हा कसं उडवतो ते पाहिलं होतंत?”

“नाही.”

“कुणाचंच पाहत नाही?”

“सगळ्यांचे पाहतो.”

“मग याचं का नाही पाहिलं?”

उत्तर देणे भाग होते. “आपला आहे, म्हणून.”

“म्हणजे इथे परकाच सुखरूप,” त्या म्हणाल्या.

एकतीस वर्षांत माझ्या सहीने नापास झालेला माल कुणाच्या मोटारीत गेला नव्हता. मी सिलिंडर उघडून टरफले आणि उरलेली काडतुसे काढून घेतली.

मिलिंद बाकावर बसला. कपाळावरची खूण आता फुगली होती. “काका, मी हे न घेता जाऊ शकत नाही. डेव्हने ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. बेअर किलर म्हणतात मला सगळे. एवढी वर्षं लंचला सॅलड खाणारा माणूस होतो मी तिथे.”

“अस्वल त्या ग्रुपमध्ये आहे का?”

“नाही.”

“मग त्याला कळणार नाही.”

आई म्हणाल्या, “जा तू. तुला जायचं आहे ना, जा. पण हे ठेवून जा. तुझ्या बाबांनी दोन वर्षं स्कूटर नुसती पुसून दारात लावली होती. आधी चालवायला शिकले.”

“मग तिथे हातात काय?”

“स्प्रे,” मी म्हणालो.

“स्प्रे! आईने झुरळांवर मारलेला तसला?”

“त्याहून मोठा. तीस फूट जातो. नेम धरावा लागत नाही.”

आमच्याकडे सरावाचे डबे असतात. आत नुसते पाणी आणि दाब. दुकानामागच्या मोकळ्या जागेत मी मिलिंदला उभे केले. छातीवर डबा अडकवला. अस्वलाच्या जागी वॉल्टने कचऱ्याचे चाकांचे पिंप ओढत आणले आणि ढकलले. पहिल्या वेळी मिलिंदने खटक्याची सुरक्षाचीप शोधली तोवर पिंप त्याच्या गुडघ्यांवर आदळले. दुसऱ्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध मारले आणि स्वतः भिजला. तिसऱ्या वेळी पिंपाच्या डोक्यावरून. आई म्हणाल्या, “खाली मार रे, येतंय ते चार पायांवर.” त्यानंतर नीट झाले. मी अठरा वेळा करून घेतले. बाराव्यानंतर त्याने डब्याकडे पाहणे सोडले. हात आपोआप जाऊ लागला. तेवढ्यासाठीच सराव असतो.

“आता मी करू का एकदा?” आईंनी विचारले.

वॉल्टने पिंप ढकलले. पिंप अर्ध्या वाटेत होते तेव्हाच चिंब भिजले. वॉल्टही.

“या बाईंना घेऊन जा वायोमिंगला,” वॉल्ट मिलिंदला म्हणाला, आणि टोपी पिळली.

रिव्हॉल्व्हर दुकानाच्या तिजोरीत राहिले. मिलिंद दोन स्प्रे घेऊन गेला. जाताना त्याने वायोमिंगच्या वाटाड्याचा नंबर दिला. मी फोन केला आणि सांगितले, तुमच्याकडे येणारा हा माणूस रानात पहिल्यांदाच येतो आहे. रायफल त्याच्या हातात देण्याआधी बसवून, टेकू देऊन, तपासून घ्या. चालताना त्याला रांगेत मधे ठेवा.

“मोठं रिव्हॉल्व्हर आणणार होता, तोच का?” वाटाड्याने विचारले.

“तोच. आता आणत नाही.”

“मग तो पुढून दुसरा राहिला तरी हरकत नाही. सगळ्यात मोठं रिव्हॉल्व्हर ज्याच्याकडे असतं, त्याला मी मधे ठेवतो. तिथून तो कमीत कमी लोकांना मारू शकतो.”

मिलिंद परत आला. त्याला एल्क मिळाले नाही, अस्वल दिसले नाही. रिव्हॉल्व्हर न्यायला तो अजून आलेला नाही. चाचणीपट्ट्यावर मात्र रविवारी येतो. सध्या सर्वांत लहान काडतुसावर आहे. त्याच्या डोळ्यांबद्दल मी काही सांगत नाही. उघडे राहू लागले आहेत, एवढेच.

पण हे पुढचे. त्या शनिवारी दुकान सहाला बंद झाले. मी मालकाला घडले ते सांगितले आणि विक्रीची वही मागितली. सलग तीन वर्षांची पाने उलटली. नियम कुणाकुणासाठी सोडला होता, ते आडनावांवरून लगेच दिसले. मिलिंदखेरीज दोन नोंदी होत्या. ट्रॉयचे एक निवृत्त शल्यचिकित्सक, आणि उत्तर मिशिगनहून पाच तास मोटार चालवून आलेले एक जोडपे, ज्यांनी माझ्यासाठी घरची चकली आणली होती. ते हत्यार पत्नीच्या नावावर होते. चकली उत्तम होती.

डॉक्टरांना फोन लागला.

“डॉक्टर, सबनीस बोलतो. उद्या सकाळी दहाला तुमचे रिव्हॉल्व्हर घेऊन दुकानात या. पाच गोळ्या झाडायच्या आहेत.”

“अहो, दोन वर्षं झाली घेऊन. आणि माझा हात? चाळीस वर्षं ऑपरेशनं केलीत या हातानं.”

“तेव्हा समोरचा माणूस भूल दिलेला होता.”

“दहाला?” डॉक्टरांनी विचारले.

“दहाला.”

त्या जोडप्याकडे फोन कुणी उचलला नाही. मी यंत्रावर निरोप ठेवला. बाईंचे नाव घेतले, माझे सांगितले, चूक माझी होती असे सांगितले, आणि दुकानाचा नंबर दोनदा सावकाश उच्चारला.